कोण कोणावर जगते: मुंबईच्या जंगलातली आणि खाडीतली नाती

मित्रहो,

मुलुंडमध्ये निसर्गाविषयी बोलायचे तर वक्त्याला उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. पश्चिमेला चालत गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात आणि पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की ठाणे खाडीची तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, दिसू लागतात. एका बाजूला शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक जंगल, दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटीचा चिखल, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपण लाखो माणसे. जगात फार थोड्या महानगरांच्या वाट्याला असे काही आले आहे.

एखाद्या ठिकाणचे सगळे सजीव, तिथली माती, पाणी, हवा, ऊन आणि या सर्वांमध्ये अखंड चाललेली ऊर्जेची व पदार्थांची देवाणघेवाण, या सगळ्याला मिळून परिसंस्था म्हणतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये ही संज्ञा मांडली. या व्याख्येतला देवाणघेवाणीचा भाग आपण बहुतेक वेळा सोडून देतो. उद्यानात पक्ष्यांच्या किती प्रजाती आहेत, खाडीवर यंदा किती रोहित (फ्लेमिंगो) उतरले, रस्तारुंदीकरणात किती झाडे गेली, हे आकडे आपण मांडतो आणि त्यांवर वाद घालतो. हे आकडे हवेतच. पण कोणत्याही प्रजातीची यादी तयार करताना ती कोणावर जगते आणि तिच्यावर कोण जगते, हा रकाना त्या यादीत नसतो, आणि माझ्या मते खरी माहिती त्याच रकान्यात असते. यादीतले एकही नाव कमी न होता नाती तुटू शकतात. नावे कमी होऊ लागतात ती त्यानंतर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी.

सुरुवात एका आंब्याच्या झाडापासून करू. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या, बंगल्यांच्या आवारातल्या आंब्यावर बांडगूळ हमखास असते. आंब्याच्या फांदीवर मध्येच वेगळ्या, जाडसर, फिकट हिरव्या पानांचा झुबका दिसतो आणि त्याला नारिंगी-तांबूस नळीसारखी फुले येतात. बांडगूळ फांदीच्या आत आपली शोषक मुळे घुसवते आणि आंब्याने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार घेते. त्याची पाने मात्र हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतःच तयार करते, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. बांडगूळ फार माजले तर फांदी वाळते, उत्पन्न घटते आणि बागाइतदार कोयता घेऊन ती फांदी छाटतो. त्याच्या जागी त्याचे बरोबरच आहे.

आता त्याच झुबक्यापाशी थोडा वेळ थांबा. फुले असतील तर जांभळा शिंजीर येतो, आपली बाकदार चोच नळीत घालतो, मधुरस पितो आणि कपाळावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. फळे धरली की फुलटोच्या येतो. हा आपल्या शहरातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. दिसण्यापेक्षा त्याचा टिक्-टिक् आवाजच आधी कानी पडतो. बांडगुळाचे फळ तो गिळतो, त्यातला गर काही मिनिटांतच पचतो आणि बी बाहेर पडते. पण ते बी इतक्या चिकट द्रव्याने वेढलेले असते की ते खाली पडत नाही, पक्ष्याच्या मागच्या भागाला लोंबत राहते. त्यापासून सुटका करून घेण्यासाठी फुलटोच्या आपले अंग फांदीवर आडवे घासतो आणि बी तिथेच चिकटते. बांडगुळाच्या बियाला रुजायला नेमकी हीच जागा हवी असते. जमिनीवर पडलेले बी वाया जाते. जिवंत फांदी हवी, आणि फांदीपर्यंत पोहोचवणारा हवा. पक्ष्याला अन्न मिळते, झाडाला जागा मिळते. दोघांचाही फायदा होणाऱ्या अशा नात्याला सहोपकारिता म्हणतात.

तिसरा पाहुणा त्याहून देखणा. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके असल्यामुळे ज्याला हळदीकुंकू म्हणतात, ते फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर ओळीने घालते. त्याच्या अळ्या ही पाने खाऊन वाढतात. हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते, आणि त्याचा भडक रंग म्हणजे पक्ष्यांसाठी दिलेली सूचनाच असते. एकदा तोंड वाईट झालेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणूनच ते मुंबईच्या भर उन्हात, वाहतुकीच्या वरून, इतके निवांत उडताना दिसते.

एका फांदीवर परजीविता, परागीभवन, बीजप्रसार, पानांचे भक्षण आणि भक्षकाला दिलेली धमकी, अशी पाच नाती आपण पाहिली, आणि पाचांपैकी आंब्याला त्रास देणारे नाते एकच आहे. परजीवी हे त्या वनस्पतीचे आंब्याशी असलेल्या नात्याचे वर्णन झाले; फुलटोच्याच्या बाजूने पाहिले तर तीच वनस्पती अन्नदाती आहे. डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ऑस्ट्रेलियात याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. काही वनखंडांतली सगळी बांडगुळे त्यांनी काढून टाकली, काही तशीच ठेवली आणि तीन वर्षे वाट पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बांडगुळे काढलेल्या वनखंडांतून पक्ष्यांच्या सुमारे एक पंचमांश प्रजाती नाहीशा झाल्या. विशेष म्हणजे त्यांत जमिनीवर किडे टिपणारे पक्षी बरेच होते, ज्यांचा बांडगुळाच्या फळांशी काही संबंध नव्हता. बांडगुळाची पाने गळताना त्यांतले पोषकद्रव्य फारसे परत ओढून घेतले जात नाही, त्यामुळे त्याचा पाचोळा सकस असतो. त्या पाचोळ्यावर किडे वाढतात, आणि किड्यांवर ते पक्षी जगत होते. दोन पायऱ्या दूर असलेले हे नाते काढून पाहिल्याशिवाय कोणाच्या लक्षात आले नसते.

पाचोळ्याचा विषय निघाला आहे, तर खाडीकडे जाऊ. शाळेत आपण अन्नसाखळी शिकतो ती गवत, हरीण, वाघ अशी. तिवरांच्या वनात गोष्ट वेगळी आहे. तिवराची पाने जिवंतपणी खाणारे प्राणी त्या मानाने थोडे. बहुतेक पाने गळून चिखलात पडतात. काही पाने खेकडे आपल्या बिळांत ओढून नेतात, उरलेल्या पानांवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि अशा कुजत चाललेल्या तुकड्यांवर कोलंबीची पिल्ले, लहान खेकडे, बोईट जगतात. त्यांच्यावर जिताडा, त्याच्यावर आपण. खेकड्यांच्या बिळांमुळे प्राणवायू नसलेल्या त्या चिखलात हवा आणि पाणी खेळते, आणि त्याचा फायदा पुन्हा तिवराच्या मुळांना होतो. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचे सारे आयुष्य या ओल्या पाचोळ्याच्या हिशोबावर चालते. खाडीकाठच्या कोळी माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. तिवरे तुटली की चिंबोरी कमी मिळते, हे त्याच्या घरात तीन पिढ्यांना ठाऊक असते.

या सगळ्या व्यवहारात ऊर्जेचा नियम कडक आहे. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना साधारण दहा टक्के ऊर्जाच पुढे जाते, बाकीची जगण्यात, हालचालीत, उष्णतेच्या रूपाने खर्च होते. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून १९४२ मध्ये या विचाराचा पाया घातला. दहा टक्के ही ढोबळ सरासरी आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट उलगडते. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी लाखाच्या घरात कसे मावतात? धाकटा रोहित खातो ती सूक्ष्म नील-हरित शैवाले आणि करंडक वनस्पती (डायाटम). म्हणजे तो अन्नसाखळीच्या अगदी तळाशी जेवतो, त्यामुळे मधल्या पायऱ्यांवरची गळती त्याच्या वाट्याला येत नाही. एवढ्या संख्येने घारी इथे जगू शकल्या नसत्या. मान उलटी करून चोच पाण्यात धरायची आणि चोचीतल्या बारीक पट्ट्यांतून पाणी गाळून शैवाल तेवढे ठेवायचे, ही त्याची रीत. आणि त्याचा गुलाबी रंगही याच आहारातल्या रंगद्रव्यांतून येतो.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. ही शैवाले एवढी वाढण्यामागे खाडीत येणारे आपले सांडपाणी हे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यातले नत्र आणि स्फुरद शैवालांना खतासारखे मिळते. म्हणून रोहितांची गर्दी पाहून खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. त्याच पाण्यात प्राणवायू कमी झाल्यामुळे माशांचे हाल होतात, आणि खाडीतली मासेमारी घटल्याचे कोळी बांधव वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. एक नाते बळकट झाले, अनेक नाती क्षीण झाली. पण डोळ्यांत भरते ते गुलाबी.

स्पर्धेविषयी थोडक्यात बोलतो, कारण या विषयावर सगळ्यांनी काही ना काही वाचलेले असते. वांद्र्याच्या किंवा वरळीच्या खडकांवर ओहोटीला गेलात तर सजीवांचे आडवे पट्टे दिसतात. वर एक वस्ती, खाली दुसरी. या पट्ट्यांच्या सीमा कोण ठरवतो? जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी बार्नेकलच्या दोन प्रजातींचा अभ्यास केला. वर राहणाऱ्या प्रजातीला खाली राहता येतच नसावे, असे दिसत होते. कॉनेल यांनी खालची प्रजाती खरवडून काढली, तेव्हा वरची तिथे उत्तम वाढली. म्हणजे खालची सीमा शेजाऱ्याच्या रेटारेटीने ठरली होती आणि वरची सीमा उन्हात सुकण्याच्या धोक्याने. १९६१ चा हा निष्कर्ष आजही शिकवला जातो. एखादी प्रजाती जिथे सापडते तेवढीच तिची जगण्याची क्षमता नसते. शेजारी बदलला की तिची जागा बदलते.

आता भक्षकांकडे. आपल्या उद्यानातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासण्यांमध्ये चितळ, सांबर यांच्याबरोबर कुत्र्यांचे अवशेष सातत्याने सापडले आहेत. कुत्रा तिथे का येतो, तर उद्यानाच्या कडेला आपण टाकलेल्या कचऱ्यासाठी. मुलुंड, भांडुप, बोरिवलीच्या कचराकुंडीपासून सुरू झालेली एक अन्नसाखळी बिबट्यापर्यंत पोहोचते, आणि तिची पहिली कडी आपल्या स्वयंपाकघरात आहे. कचरा वेळेवर उचलणे हे वन्यजीव व्यवस्थापनाचे काम आहे असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

भक्षकांचे आपापसांतही नाते असते. प्रत्येक प्रौढ बिबट्याचा आपला इलाखा असतो, शेजारचे बिबटे त्याला ओळखतात, आणि वासाच्या खुणांवर हा सगळा करार चालतो. २००४ च्या सुमारास उद्यानाच्या परिसरात माणसांवर हल्ले वाढले आणि अनेकांचे जीव गेले. त्या काळात इतर ठिकाणी पकडलेले बिबटे आणून जंगलात सोडण्याची पद्धत होती. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसले की असे बिबटे सोडल्यानंतर आजूबाजूच्या भागात माणसांवरचे हल्ले वाढतात. बिबट्यांची मोजदाद केली तर एक इथून उणा, एक तिथे अधिक. हिशोब बरोबर दिसतो. अनोळखी मुलखात टाकलेल्या त्या जनावराचे सगळे संबंध मात्र शून्यावर आलेले असतात.

नाते तुटल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधी शतकानुशतके गिधाडांच्या भरवशावर चालत आला होता. नव्वदच्या दशकात गिधाडे दिसेनाशी झाली आणि समाजाला सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला. हे फक्त मुंबईत घडत नव्हते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरच्या केवलादेव उद्यानात माना खाली टाकून बसलेली आणि मग मरून पडलेली गिधाडे दिसत होती. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण सापडले २००४ मध्ये, लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाकिस्तानातल्या संशोधनातून: गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिल्यावर थोड्याच काळात मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत.

यातली खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. एवढा संहार व्हायला किती जनावरांच्या मृतदेहांत हे औषध असावे लागले असेल? संशोधकांनी गणित मांडले तेव्हा उत्तर आले की शंभरात एकापेक्षाही कमी मृतदेह पुरेसे आहेत. याचे उत्तर गिधाडांच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. ती एकटी जेवत नाहीत; एका मेलेल्या बैलावर पन्नास-शंभर गिधाडे उतरतात, म्हणजे एक विषारी मृतदेह एका दिवसात सगळा थवा संपवू शकतो. आणि त्यांची वीण संथ असते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला काही वर्षे लागतात. दीर्घायुषी, समूहाने खाणारा, सावकाश वाढणारा पक्षी हजारो वर्षे ज्या गुणांवर टिकला, त्याच गुणांमुळे एका गोळीपुढे हरला. गिधाडे गेल्यावर मृतदेह कुत्र्यांना मोकळे मिळाले, त्याच काळात देशातल्या कुत्र्यांची संख्या वाढल्याचे पशुगणनेत दिसले, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका आला. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध होते आणि आहे. आपल्या जवळ म्हणाल तर रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला थोडी गिधाडे टिकून आहेत. मुंबईच्या आकाशात ती परत येतील का, हे डुंगरवाडीतल्या झाडांपेक्षा गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांत कोणती बाटली उघडली जाते यावर अवलंबून आहे.

झाडे तोडताना ‘एकाच्या बदल्यात इतकी लावू’ असे आश्वासन दिले जाते, त्याकडे या दृष्टीने पाहावे अशी माझी विनंती आहे. उंबर घ्या. त्याचे जे कोवळे फळ आपल्याला दिसते, तो आत वळलेला फुलोरा असतो. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, ती आत परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्ले बाहेर पडतात तेव्हा त्यांच्याजवळ जेमतेम एक-दोन दिवस असतात, आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतला दुसरा उंबर सापडावा लागतो. म्हणजे परिसरात वर्षाच्या प्रत्येक आठवड्यात कुठल्या ना कुठल्या उंबराला कोवळा फुलोरा असेल, एवढी झाडे हवीत. ती संख्या एका मर्यादेखाली गेली तर उरलेले उंबर हिरवेगार दिसत राहतील. त्यांत बी धरणार नाही, आणि उन्हाळ्यात इतर फळे नसताना त्यांवर येणारे तांबट, हरियाल आणि वटवाघळे उपाशी राहतील. कुंपणालगत ओळीने लावलेली पाचशे रोपे हे नाते जोडून देऊ शकत नाहीत.

काही नाती तर आपल्या पंचवार्षिक हिशोबांत बसतच नाहीत. उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदाच, सगळी एकदम फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. एवढे बी एकाच वेळी पडले की खाणारे खाऊन थकतात आणि काही बी रुजायला उरते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. डोंगरउतारावरचा कारवीचा पट्टा अधल्यामधल्या वर्षी पाहणाऱ्याला तो निव्वळ झुडपांचे रान वाटेल, आणि पर्यावरण आघाताचा अहवाल बहुधा अधल्यामधल्या वर्षीच लिहिला जातो.

शेवटी खाडीतला एक प्रश्न, ज्यावर आपण सध्या चुकण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. २०१५ मध्ये ठाणे खाडीत सुमारे सतरा चौरस किलोमीटरांचे रोहित अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. तिवरांना आता कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण खाडीत गाळ साचत चालला आहे, त्यावर तिवरे आपणहून पुढे सरकत आहेत, आणि त्या प्रमाणात उघडा चिखल कमी होतो आहे. रोहित आणि उत्तरेकडून येणारे तुतारी, चिखल्या हे पक्षी तिवरांच्या दाटीत चरू शकत नाहीत. त्यांना ओहोटीला उघडी पडणारी, झाड नसलेली चिखलपठारे लागतात. असे असताना उत्साहाने, चांगल्या हेतूने, चिखलपठारावर तिवरांची रोपे लावण्याचे कार्यक्रम होतात. छायाचित्रात ते सुंदर दिसते. तिवरे लावायचीच असतील तर जिथे ती तोडली गेली, जिथे भराव टाकून भरतीचे पाणी अडवले गेले, तिथे आधी पाण्याची वाट मोकळी करावी. पाणी परत आले की बहुतेक ठिकाणी तिवराचे बी स्वतःच वाहत येते. आणि उघड्या चिखलावर रोप खोचण्यापूर्वी किमान एक पूर्ण हिवाळा, ओहोटीच्या वेळी तिथे कोणते पक्षी किती वेळ चरतात आणि कोळी माणसे तिथून काय काढतात, याची नोंद घ्यावी. ही नोंद घ्यायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ऐरोली, भांडुप, मुलुंडची मुले, एक दुर्बीण, वही आणि खाडीत वाढलेला एखादा जाणता कोळी एवढे बळ पुरते, आणि येत्या नोव्हेंबरपासून ती सुरू करता येईल.